फ्लॅटच्या आधी नळाचे बोला

मा. संपादक,

पुण्यात गुंतवणुकीसाठी कुठला भाग वर येतोय, हे सांगणाऱ्या जाहिराती हल्ली आमच्या लातुरातही रोज येऊन पडतात. मेट्रो, रिंगरोड, आयटी पार्क सगळे असते. नळाला पाणी येते का, तेवढे नसते. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर दिवस काढलेल्यांच्या नजरेतून हे सुटणार कसे?

निवृत्तीच्या पैशातून फ्लॅट घ्यावा म्हणून यजमान आणि मी वाघोली, उंड्री, किरकटवाडी पाहिली. पुण्यात आमचे कोणी नाही, म्हणून चौकशी थेट रस्त्यावर. सॅम्पल फ्लॅट दाखवणारा मुलगा क्लबहाऊसवर भरभरून बोलला. पाण्याचे विचारले तर, ‘कॉर्पोरेशनची लाइन येतेच आहे, मॅडम.’ शेजारच्या भरलेल्या सोसायटीच्या वॉचमनकडे मात्र वहीच होती: टँकरचा नंबर, आल्याची वेळ, सही. एका दिवसाच्या नोंदींनी अख्खे पान भरलेले.

उंड्री 2017 साली महापालिकेत आली, वाघोली आणि किरकटवाडी 2021 साली. हद्द वाढली, जलवाहिन्या मागेच राहिल्या. अशा ठिकाणी बिल्डर ‘पाण्याची सोय आम्ही करू’ असे हमीपत्र देऊन परवानगी मिळवतात. सोसायटी झाली की टँकरचे बिल गुपचूप मेंटेनन्समध्ये येऊन बसते, मग भाड्यातून हाती उरणार काय? जानेवारी 2025 मध्ये जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण किरकटवाडी, नांदेड (पुण्यालगतचे गाव), धायरी या पट्ट्यात सापडले, तेव्हाही संशय पिण्याच्या पाण्यावरच गेला.

फ्लॅटच्या दराची खातरजमा त्या मानाने सोपी. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू (खरेदीच्या दस्ताचा गोषवारा) पाहिला की त्याच इमारतीतले व्यवहार कितीला नोंदले गेले ते कळते. (एजंटाचा आकडा आणि तो, दोन्ही शेजारी ठेवून जरूर पाहावेत.) प्रकल्पाची मंजुरी, ताब्याची तारीख महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर दिसते. पाण्यासाठी मात्र वॉचमनची वही!

पुणे महापालिकेने समाविष्ट गावांत जलवाहिनी कुठे पोचली, कुठे अजून टँकरच आहे, याचा सोसायटीनिहाय तक्ता दर उन्हाळ्यात जाहीर करावा. बिल्डरचे ते हमीपत्रही महारेराच्या प्रकल्पाच्या पानावर सगळ्यांना वाचता यावे. यजमान अजून वाघोलीचे नाव काढतात. पैसे तूर्त पोस्टात आहेत.

— एक निवृत्त शिक्षिका, लातूर