राईल आवडतो, मेख तिथेच आहे

महोदय,

कोलीन हूवर यांच्या 'इट एंड्स विथ अस' या कादंबरीविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेली वाचकांची मते वाचली. एकाला ती मारकुट्या नवऱ्याचे उदात्तीकरण वाटते, दुसरीला डोळ्यांतून पाणी काढणारी प्रेमकथा. मी एक छोटे वाचनालय चालवते. हे पुस्तक परत करायला आलेल्यांची टेबलापाशी हीच जुंपते.

नायिका लिलीचा हा नवरा, राईल, फार हवाहवासा रंगवला आहे, हा आक्षेप मला पटत नाही. बॉस्टनमधला न्यूरोसर्जन, देखणा, बोलण्यात चतुर. आहेच तो तसा. पण तो तसा नसता तर लिली त्याच्यापाशी का थांबते हे आपल्याला कळलेच नसते. ओव्हनमधल्या भांड्याने त्याचा हात भाजतो, लिलीला हसू फुटते आणि तो तिला ढकलून देतो. त्या पानावर वाचणारीही मनात म्हणते, 'जाऊ दे, भाजलं होतं ना, चुकून झालं असेल.' पुढे जिन्यावरून ढकलल्याचा प्रसंग येतो, तरी आपण कारणेच शोधत असतो. लिलीने लहानपणी आईला वडिलांचा मार खाताना पाहिले आहे. आई सोडून का जात नाही, असे वाटणारी मुलगी स्वतः तिथेच येऊन अडकते. 'एवढं होतं तर माहेरी का नाही आली?' असे खुर्चीत बसून विचारणारे आपल्याकडे काही कमी नाहीत. त्यांनी निदान हा भाग वाचावा. हूवर यांनी शेवटच्या टिपणात आपल्या आईवडिलांच्या संसाराबद्दल लिहिले आहे, तेही वगळू नये.

भाषा बेताची आहे. टीव्हीवरच्या एलन डीजेनरस यांना उद्देशून लिहिलेली लिलीची डायरी तर मला कंटाळवाणी झाली.

राग काढायचाच तर विक्रीच्या तऱ्हेवर काढावा. 2016 चे हे पुस्तक पुढे टिकटॉकवरच्या रडक्या व्हिडिओंनी घरोघरी पोचले. जानेवारी 2023 मध्ये याच गोष्टीवर चक्क रंगवायची वही जाहीर झाली! वाचकांनी झोडपल्यावर ती मागे घेतली गेली. 2024 मध्ये सिनेमा आला, त्याच्या प्रसिद्धीतही फुलांचीच चलती. मारहाणीचा विषय झाकला जातो, ही टीका तेव्हाही झाली. मुखपृष्ठावर फूल पाहून पुस्तक उचलणाऱ्या कॉलेजच्या मुलीला आत काय आहे याची कल्पना कुठून येणार? मी आता पुस्तक देतानाच सांगते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे आणि दोन्ही बाजूंच्या पत्रांत तिचा उल्लेखही नाही. राईलच्या हातून लहानपणी बंदूक सुटून भाऊ गेला, हे त्याच्या संतापामागचे कारण म्हणून येते. त्यातून त्याची नकळत वकिली होते. लिली त्याला सोडते खरी, पण तोवर जुना प्रियकर अॅटलस पुन्हा आयुष्यात आलेलाच असतो. पुढे कोणी वाट पाहत नसलेल्या बाईचे काय, हा अवघड प्रश्न लेखिकेने स्वतःला घालूनच घेतलेला नाही. आणि शेवटी लिली आपली तान्ही मुलगी त्याच माणसाकडे सोपवायला जाते! रागाच्या भरात बायकोला इजा करणाऱ्याच्या हाती मूल एकटे द्यावे का, यावर कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या एखाद्या वकिलाकडून आपण पुरवणीत लिहून घ्यावे, ही विनंती.

— एक वाचक, ठाणे