टू-स्ट्रोकवर सरसकट बंदी नको, ठरलेली वाट द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रानात डर्ट बाईक घालणाऱ्यांवर सरसकट बंदी आणा, असं एक पत्र आपल्या पेपरात आलं होतं, ते वाचून लिहितोय. सड्यांवर (म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर) गाड्या फिरवून चाकोऱ्या पाडणाऱ्यांबद्दल त्यात जे लिहिलंय ते सगळं मला मान्य आहे. कास असो नाहीतर दुसरा कुठला सडा, तिथं खडकावर मातीचा पातळ थर असतो, चाक फिरलं की तो निघून जातो आणि त्यातली फुलं पण गेलीच. राधानगरी अभयारण्याचा तर विषयच नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, राखीव जंगलाला १९२७ चा वन कायदा आहे, तिथं खेळ म्हणून गाडी न्यायचीच नाही. पण त्या पत्रात शेवटी टू-स्ट्रोक (जुन्या आरएक्स १०० सारख्या, पेट्रोलबरोबर ऑइल जाळणाऱ्या हलक्या गाड्या) चालवणारी सगळी पोरं एकाच माळेत ओवलीत, तिथं मात्र मला बोलायचंय.

दाट झाडीतली बाईक म्हणजे वेगाचा माज असं बऱ्याच लोकांना वाटतं. आजरा-चंदगडकडं मालकीच्या काजूच्या बागा आहेत, मालकाला विचारून तिथल्या पायवाटांवर आम्ही चालवतो आणि तिथं ताशी पंधरा-वीसच्या वर जायला जागाच नसते. हँडल ऐंशी सेंटीमीटरच्या आसपास रुंद आणि दोन खोडांमधली फट जेमतेम तेवढीच, त्यामुळं बरेच जण हँडलची टोकं कापून घेतात, तरी हँडगार्ड सालीला घासतोच. फूटरेस्टवर उभं राहायचं, टाकी गुडघ्यात आवळायची, एक बोट क्लचवर एक पुढच्या ब्रेकवर, आणि नजर पुढच्या वळणावर, कारण ज्या झाडाकडं बघाल त्याच झाडावर गाडी जाणार हे ठरलेलं. ओली मुळी आली की ती सरळ काटकोनात घ्यायची, तिरकी घेतली की पुढचं चाक सटकलंच, आणि मुळीवर असताना ना ब्रेक दाबायचा ना ॲक्सिलेटर पिळायचा. जांभ्या दगडावर शेवाळ असलं तर अजून जपून. अर्धा तास असं चालवलं की हातापायात जीव राहत नाही, नाद खुळा खेळ आहे हा, पण खरंच मेहनतीचा आहे.

आणि इथं किंमत आहे ती वजनाला. यामाहाची आरएक्स १०० आपल्याकडं १९८५ ते १९९६ होती, इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. बाहेरच्या देशातल्या आजच्या १२५-१५० सीसीच्या टू-स्ट्रोक एंड्युरो गाड्या (रानवाटांवरच्या लांब शर्यतींसाठी बनवलेल्या) पण साधारण तेवढ्याच वजनाच्या. रॉयल एनफिल्डची हिमालयन दोनशे किलोच्या घरात जाते, लांबच्या रस्त्याला ती झकास, पण ती ओढ्यात पडली तर चार माणसं आणि दोर लागतो, आणि हलकी गाडी दोघं जण हसत हसत उचलतात. टू-स्ट्रोकला वरती व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, म्हणून इंजिन हलकं, आणि क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एकदा, म्हणून छोट्या इंजिनात एवढा दम. उतारावर मात्र सांभाळावं लागतं. इंजिन ब्रेकिंग (ॲक्सिलेटर सोडल्यावर इंजिननेच गाडीला लागणारी ओढ) कमी असतं, शिवाय ज्या गाडीला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात (पन्नासाला एक म्हणजे लिटरला वीस मिली) तिला ॲक्सिलेटर बंद ठेवून लांब उतार उतरवला तर पेट्रोल जवळजवळ बंद आणि त्याबरोबर ऑइल पण बंद, म्हणून क्लच दाबून मधूनमधून रेस द्यायची, नाहीतर पिस्टन जाम होतो. हे कुणी सांगणारं लागतं, रस्त्यावर झूम झूम करून ते कळत नाही.

आवाज आणि धूर, हे दोन आरोप खरे आहेत आणि ते मी झटकणार नाही. ऑइल जळतं, थोडं पेट्रोल न जळताच बाहेर जातं, त्याचमुळं या गाड्या रस्त्यावरून हद्दपार झाल्या. पण कान फाटतील असा जो आवाज येतो तो बहुतेक वेळा सायलेन्सरची जाळी काढल्याने येतो, जाळी जागेवर आणि सायलेन्सरमधलं आवाज शोषणारं पॅकिंग ताजं असलं तर आवाज बराच खाली येतो. जाळी काढणाऱ्याला दंड करा, गाडी जप्त करा, आमची पोरं टाळ्या वाजवतील.

मागणी एवढीच की एक ठरलेली वाट द्या. मालकीच्या रानात, नाहीतर बंद पडलेल्या खाणीच्या आसपास, वन खात्याने आधी येऊन बघावं, गव्यांची ये-जा कुठून आहे ते सांगावं, तेवढा भाग सोडून वाट आखावी. जून ते सप्टेंबर पूर्ण बंद, कारण ओल्या मातीत मागचं चाक नुसतं फिरतं आणि चर पडतो, मग त्याच चरातून पाणी वाहून सगळी माती नेतं. वाळलं गवत उभं असलं की पण बंद, तापलेला सायलेन्सर गवताला टेकला तर वणवा लागायला वेळ लागत नाही. अंधार पडायच्या आत गाड्या बाहेर. रस्त्यावर चालवायची परवानगी नसलेल्या गाड्या छोट्या हत्तीतून आणायच्या, गावातून उडवत आणायच्या नाहीत. आणि मालकाला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, काजूचा हंगाम सुरू झाला की तो म्हणेल तेव्हा थांबायचं.

बंगळुरूच्या सी. एस. संतोषने २०१५ साली डकार रॅली (वाळवंटातली, कित्येक दिवस चालणारी अवघड शर्यत) पूर्ण केली, असं करणारा तो पहिला भारतीय, आणि त्याने कोलारजवळ मातीत गाडी शिकवणारं मैदान उभं केलंय. केरळच्या हरिथ नोआने २०२४ ला डकारमध्ये रॅली-२ गट जिंकला. आपल्या भागात गाडीवर जीव टाकणारी पोरं काय कमी आहेत का, पण त्यांना जागाच नाही म्हणून ती हायवेवर पुढचं चाक उचलून व्हीली मारतात किंवा चोरून अभयारण्यात घुसतात, दोन्हीकडं नुकसानच. नुसती बंदी आणली तर चोरून जाणारा जातच राहील आणि विचारून जाणारा तेवढा घरी बसेल.

वाट आखायची ठरली तर फांद्या बाजूला करायला, पावसाळ्यानंतर चर बुजवायला, कडेला दगड लावायला आम्ही येतो, कुदळी-फावडी आमची, जेवण पण आमचं. वन खात्याने फक्त तारीख सांगावी.

आपला,
एक वाचक, गडहिंग्लज