पत्र कोणी लिहिलं ते सोडा, त्यात काय लिहिलंय ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या रिसर्च इन मोशन म्हणजे रिम कंपनीतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचं निनावी खुलं पत्र ३० जून २०११ ला बाहेर आलं आणि कंपनीने त्याच दिवशी जाहीर उत्तरही देऊन टाकलं. मी दोन्ही वाचली, पत्र तर दोनदा वाचलं, आणि उत्तर वाचून इतकं वाईट वाटलं की लिहायला बसलो. मी स्वतः ब्लॅकबेरी वापरतो, त्याच्या कीबोर्डवर जसं भराभर टाइप होतं तसं दुसऱ्या कुठल्या फोनवर मला जमत नाही, त्यामुळे ही कंपनी बुडावी असं मला अजिबात वाटत नाही, उलट ती टिकावी म्हणूनच हे लिहितोय.

आधी उत्तराबद्दल. कंपनीचं म्हणणं असं की चांगल्या पदावरचा माणूस आपल्या सहकाऱ्यांशी बोलायचं सोडून असं निनावी पत्र छापायला देईल यावर विश्वास बसत नाही, पत्र खरं असेल, खोटं असेल, कोणी वेगळ्याच हेतूने लिहिलं असेल, पण अडचणींची व्यवस्थापनाला पूर्ण कल्पना आहे आणि त्यावर जोरात काम चालू आहे. पुढे मग कंपनी नफ्यात आहे, जवळपास ३ अब्ज डॉलर रोख आहे, कर्ज नाही वगैरे. हे आकडे खोटे नाहीत, मागच्याच तिमाहीत ६९.५ कोटी डॉलर नफा झालाय. पण त्याआधीच्या वर्षी याच तिमाहीत तो ७६.९ कोटी होता, आणि १६ जूनला हे निकाल जाहीर करतानाच नोकरकपातही जाहीर करावी लागली, दुसऱ्या दिवशी शेअर साधारण पाचव्या हिश्श्याने पडला. म्हणजे तिजोरी भरलेली आहे हे कोणी विचारलंच नव्हतं, पत्र होतं प्रॉडक्टबद्दल.

पत्रात काय होतं? ग्राहकाला फोन वापरताना काय वाटतं ते आधी बघा, सॉफ्टवेअरची जाण असलेली मोठी माणसं आणा, चालू प्रोजेक्ट कमी करा, अॅप बनवणाऱ्यांना सांभाळा कारण आता कंपनीचं भवितव्य मोबाईल ऑपरेटर नाही तर ते ठरवणार आहेत, काम बिघडलं तर कोणीतरी जबाबदार धरला जाऊ दे. आयपॅडवर फ्लॅश (वेबसाइटवरचे व्हिडिओ, गेम चालवणारं सॉफ्टवेअर) नाही याची अडीच कोटी लोकांना फिकीर नाही मग आपण जाहिरातीत तेच का घोकतोय, हा प्रश्न तर मला फारच पटला. रिमचं प्लेबुक हे टॅब्लेट एप्रिल २०११ मध्ये बाजारात आलं तेव्हा त्यात स्वतःचं ईमेल नव्हतं, कॅलेंडर नव्हतं, ब्लॅकबेरी फोन जोडल्याशिवाय ते मिळतच नव्हतं, आणि ज्या कंपनीने जगाला खिशातल्या फोनवर ईमेल वाचायची सवय लावली तिचाच हा टॅब्लेट! तेव्हा कंपनीत सतरा हजारांवर लोक होते, त्यातल्या एकालाही लाँचच्या आधी हे खटकलं नसेल असं मला वाटत नाही. खटकलंच असणार, पण ते ऐकलं कोणी नाही.

पत्रात आणखी काही गोष्टी होत्या, पत्रकारांवर चिडू नका, थोडी नम्रता ठेवा, आणि आपल्याच माणसांशी बोला. एप्रिलमध्येच बीबीसीच्या मुलाखतीत भारत आणि आखाती देशांतल्या सुरक्षेच्या वादाबद्दल (ब्लॅकबेरीवरचे संदेश सरकारला बघू द्यायचे की नाही) विचारलं तर रिमचे सीईओ माइक लाझारिडिस यांनी मुलाखत तिथेच थांबवली होती. आताचं उत्तरही मला त्याच वळणाचं वाटलं.

निनावी पत्राने आतल्या बाकीच्या लोकांवर उगाच संशय येतो हे मला मान्य आहे. पण माणूस नाव का लपवतो याचाही विचार व्हायला हवा ना. मी आधी ज्या ऑफिसात होतो तिथे मीटिंगमध्ये मी म्हटलं की हे अजून तयार नाहीये, तारीख पुढे ढकला, तर कामाचं राहिलं बाजूला, दोन दिवस हेच चाललं होतं की याला हे बोलायला सांगितलं कोणी. त्यानंतर वर्षभर मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही, मीच काय कोणीच उघडलं नाही. नोकियाचे सीईओ स्टीफन एलॉप यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये आपण जळत्या प्लॅटफॉर्मवर उभे आहोत, म्हणजे कंपनी मोठ्या संकटात आहे, असं स्वतःच कर्मचाऱ्यांना लिहून कळवलं, त्यांचे पुढचे निर्णय चुकोत की बरोबर येवोत, पण निदान वरच्या माणसाने अडचण आपल्या तोंडाने मान्य केली.

रिममध्ये सध्या, म्हणजे जुलै २०११ मध्ये, लाझारिडिस आणि जिम बाल्सिली दोघंही सीईओ आणि दोघंही चेअरमन. गंमत नाही, गंभीरपणे सांगतो, ही रचना योग्य आहे का हे तपासायला कमिटी नेमायचं कंपनीने एका गुंतवणूकदार संस्थेला कबूल केलं तेही ३० जूनलाच. म्हणजे बाहेरचा गुंतवणूकदार विचारतो तेव्हा कमिटी, आणि आतला माणूस विचारतो तेव्हा त्याच्या हेतूवर शंका. त्यात कमिटीचा अहवाल यायला पुढच्या वर्षीचा, म्हणजे २०१२ चा, जानेवारी उजाडणार.

१२ जुलै २०११ ला शेअरहोल्डरांची सभा आहे. तिथे या दोघांनी ते पत्र हातात घ्यावं आणि एकेक मुद्दा वाचून हे आम्हाला मान्य आहे, हे नाही असं सरळ सांगावं, आणि तेवढं जमत नसेल तर प्लेबुकवर ईमेल कुठल्या महिन्यात येणार एवढं तरी सांगावं.

आपला,
ब्लॅकबेरी वापरणारा एक वाचक