नागपूरभोवतीच्या शिलावर्तुळांच्या नोंदणीसाठी नागरिकांना आवाहन

सस्नेह नमस्कार.

काटोल रस्त्याने शहराबाहेर पडून जुनापाणीच्या माळावर गेल्यावर प्रथम दिसतात ते विखुरलेले काळे दगड. जरा थांबून पाहिले की ते गोलाकार मांडले आहेत हे ध्यानात येते, आणि एकदा नजर बसली की तसे गोल एकामागून एक दिसू लागतात. तेथे अशी सुमारे 300 शिलावर्तुळे आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात, लोखंड वापरू लागलेल्या येथील समाजाने आपल्या मृतांसाठी ती रचली. त्यांतील काही दगडांवर ओळीने कोरलेले लहान खळगे आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांवरून बोट फिरवावे, म्हणजे कोरणाऱ्याचा हात जाणवतो.

जुनापाणीला एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने उत्खनन केले आणि 1961 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी तेथील तीन वर्तुळे शास्त्रीय पद्धतीने उघडली. पुढे नागपूर परिसरातील टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड येथील उत्खननांनी या लोकांचे आयुष्यच डोळ्यांसमोर उभे केले. पेंच नदीकाठच्या नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, तिचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे सातवे शतक. भट्टीच्या वक्र विटा, हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्या आणि लोहमळी (लोखंड गाळल्यावर उरणारा मळ) हाती आल्यामुळे कुऱ्हाडी व खंजीर बाहेरून आणलेले नव्हते, धातू येथेच गाळला जात होता, हे सिद्ध झाले. माहुरझरीला माणसांबरोबर घोडेही पुरलेले आढळले, आणि घोड्याच्या डोक्यावर चढवायचे तांब्याचे अलंकारही. ज्या समाजाने जनावराला एवढ्या मानाने निरोप दिला, त्याला नुसता ‘रानटी’ म्हणून मोडीत काढता येत नाही.

हे सारे कळले, कारण प्रत्येक वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोलीवर होती याची नोंद झाली होती. गावोगावी फिरताना आम्हाला कुणी डबीतून लाल अकीकाचा मणी काढून दाखवतात. मणी उजेडासमोर धरला की त्याचे भोक दोन्ही टोकांकडून पाडलेले दिसते आणि मध्यावर दोन्ही भोके किंचित चुकून मिळालेली असतात. कारागिराचे कसब त्यातून कळते. परंतु तो कुठे सापडला, असे विचारले की ‘शेतात’ एवढेच उत्तर मिळते, आणि मण्याची निम्मी गोष्ट तेथेच संपते.

जुनापाणीसारखे स्थळ संरक्षित आहे. मात्र संरक्षणाबाहेर, शेतांच्या धुऱ्यांवर आणि पडीत जमिनींवर असलेल्या वर्तुळांना वाली नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही मोजलेल्या एका वर्तुळाच्या जागी पावसाळ्यानंतर लेआउटचे खांब उभे होते आणि कडेचे दगड यंत्राने एका बाजूला ढकललेले होते. आमच्याकडे त्याचा आराखडा व छायाचित्रे आहेत, एवढेच समाधान. तेही मोठे आहे, असे आम्ही मानतो.

म्हणून दिवाळीनंतर, गवत वाळून दगड उघडे पडले की, दर रविवारी सकाळी नोंदणीचे काम सुरू करण्याचे मंडळाने ठरविले आहे. त्यासाठी मोजपट्ट्या, जीपीएस यंत्र, प्रवासखर्च आणि गावांत वाटायची माहितीपत्रके यांकरिता निधी हवा आहे. रक्कम कितीही लहान असली तरी ती पावतीसह स्वीकारली जाईल. पैशांइतकीच माणसांची गरज आहे: नकाशा काढू शकणारे विद्यार्थी, छायाचित्रकार, स्वतःची गाडी देऊ शकणारे, आणि सर्वांत अधिक, आपल्या शिवारातील दगडांची जागा दाखवू शकणारे शेतकरी व गुराखी. शेतकरी बांधवांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आम्ही फक्त मोजतो आणि लिहितो. मालकाच्या परवानगीवाचून शेतात पाऊल टाकत नाही.

कुणीही स्वतः खोदू नये, ही कळकळीची विनंती. जमिनीत काही सापडल्यास ते हलविण्यापूर्वी जागेवरच छायाचित्र घ्यावे आणि तहसील कार्यालयास कळवावे. 10 रुपयांहून अधिक मोलाच्या निखात, म्हणजे जमिनीत पुरलेल्या, वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन 1878 पासूनच्या कायद्याने घातलेले आहे. घरात पूर्वीपासून मणी, खापरे किंवा लोखंडी वस्तू असतील, तर त्या आम्हाला देऊ नयेत. त्या कुठे व कशा मिळाल्या, हे घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेपर्यंत सांगावे, आम्ही ते लिहून घेऊ.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता काटोल नाक्यावर जमावयाचे आहे. डबा, पाण्याची बाटली आणि पायांत बूट असावेत.

आपले नम्र,
मंडळाचे कार्यकर्ते, नागपूर