प्रीमियम कार्डाचा हिशोब दुसऱ्या वर्षाचा मांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अर्थविषयक पानावर प्रीमियम ट्रॅव्हल आणि कॅशबॅक क्रेडिट कार्डांची तुलना आली होती ती मी दोनदा वाचली, कारण असंच एक कार्ड मी दोन वर्षं वापरलंय आणि त्याचा पै-पैचा हिशोब शीटमध्ये लिहून ठेवलाय. तक्त्यातली माहिती चुकीची होती असं मला अजिबात म्हणायचं नाही. फी बरोबर होती, किती खर्चाला किती पॉइंट ते बरोबर होतं, विमानतळावरच्या लाउंजच्या, म्हणजे खास प्रतीक्षाकक्षाच्या, फेऱ्याही बरोबर. पण शेवटच्या रकान्यात "वर्षाचा एकूण फायदा" म्हणून जो आकडा छापला होता तो वाचून लोक अर्ज भरणार, आणि तो आकडा बहुतेकांच्या हातात कधीच पडणार नाही, म्हणून हे पत्र लिहितोय.

तो आकडा बनतो कसा ते आधी सांगतो. पॉइंटची जास्तीत जास्त किंमत धरायची, लाउंजची प्रत्येक फेरी बाहेरच्या दराने मोजायची, सगळी व्हाउचर छापील किमतीला धरायची, कार्ड घेतल्यावर एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस त्यात घालायचा आणि मग फी वजा करायची. असं केलं की कुठलंही कार्ड फायद्याचंच दिसतं. मीही असंच करून कार्ड घेतलं होतं, बँकेच्या माणसाने कागदावर मांडून दाखवलं आणि मला ते पटलं.

आता माझ्या शीटवरून पण सोपे आकडे घेऊन मांडतो. समजा वर्षाचा कार्डावरचा खर्च ६ लाख. त्यातलं भाडं, विमा, इंधन, कर, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे यावर बऱ्याच कार्डांत पॉइंट मिळतच नाहीत किंवा अगदी कमी मिळतात, असे दीड लाख बाजूला काढा, उरले साडेचार लाख. कार्ड शंभर खर्चाला २ पॉइंट देतं, म्हणजे ९,००० पॉइंट, वर फी भरली की रिन्युअलचे ५,००० पॉइंट, झाले १४,०००. फी कर धरून १२,०००. बँक म्हणते एक पॉइंट म्हणजे १ रुपया, मग १४,००० मिळाले आणि १२,००० गेले, वर लाउंज फुकट, मजाच आहे. पण मी वर्षभरात पॉइंट वापरले तेव्हा प्रत्येक वेळी भाव लिहून ठेवला, आणि सरासरी निघाली ०.७ च्या आसपास. म्हणजे १४,००० पॉइंटचे झाले ९,८००. सहा वेळा लाउंजमध्ये गेलो, तिथे जायला खिशातून मी कधीच पूर्ण दर दिला नसता, फार तर दर फेरीला ५०० दिले असते, ते ३,००० धरले. बेरीज १२,८००, फी १२,०००, हातात ८००.

आणि इथे बहुतेक लोक थांबतात, ८०० का होईना फायदाच आहे ना म्हणतात. पण तुलना शून्याशी करायचीच नाही! तुलना करायची ती बिनफीच्या साध्या कॅशबॅक कार्डाशी. दीड टक्का सरसकट देणारं कार्ड असेल तर त्याच साडेचार लाखांवर ६,७५० मिळाले असते, काहीही न करता, कुठलीही वेबसाइट न उघडता. म्हणजे प्रीमियम कार्डाने मला ८०० दिले नाहीत, ५,९५० घेतले. ही गोष्ट मला पहिल्या वर्षी कळलीच नाही कारण तेव्हा जॉइनिंग बोनसने सगळं झाकून टाकलं होतं. बोनस एकदाच मिळतो, फी दरवर्षी जाते, म्हणून माझं ठाम मत आहे की अशा कार्डाचा हिशोब दुसऱ्या वर्षाचा मांडायचा, पहिल्या वर्षाचा मांडूच नये.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते. मला पॉइंटमागे ०.७ मिळतात म्हणजे शंभर खर्चाला १.४ मिळतात, साध्या कार्डाला १.५. मग मी कितीही खर्च वाढवला तरी प्रीमियम कार्ड कधीच पुढे जाणार नाही, उलट जितका खर्च जास्त तितकं मागे पडणार. आणि जो माणूस पॉइंटला खरोखर पूर्ण १ काढू शकतो, जो सारखा फिरतो आणि ज्याला तिकिटांच्या तारखा मागेपुढे करता येतात, त्याला याच आकड्यांत वर्षाला ८ लाख पात्र, म्हणजे पॉइंट मिळणारा, खर्च झाला की दोन्ही कार्डं बरोबरीत येतात, त्यापुढे प्रीमियम कार्ड जिंकतं. म्हणजे ही कार्डं वाईट नाहीत, काही लोकांना ती खरंच उत्तम आहेत. पण आपण त्या लोकांत आहोत का हे ठरवायला तक्त्यात काहीच नव्हतं.

पॉइंटची किंमत काढताना लोक सगळ्यात जास्त कुठे फसतात तर विमानाच्या तिकिटात. ४०,००० माईल्समध्ये (कार्डाचे पॉइंट बदलून मिळणारे एअरलाइनचे पॉइंट) बिझनेस क्लासचं तिकीट मिळालं, रोखीने त्याची किंमत दीड लाख होती, म्हणजे माईलला जवळजवळ पावणेचार मिळाले असं अभिमानाने सांगतात. पण रोखीने दीड लाख देऊन तुम्ही ते तिकीट घेतलं असतं का? नसतं घेतलं. तुम्ही ३०,००० चं साधं तिकीट काढून गेला असता. मग तुमचे वाचले ३०,०००, त्यातूनही माईल्सच्या तिकिटावर कर आणि सरचार्ज रोखीने भरावा लागतो, तो समजा ८,००० भरला तर वाचले २२,०००, भागिले ४०,००० म्हणजे ०.५५. रुंद सीटचा आनंद खरा आहे, मी तो नाकारत नाही, त्याला मनात काहीतरी किंमत जरूर द्या, पण ती दीड लाख नाही. मी तर शीटमध्ये एकच प्रश्न लिहून ठेवलाय, "हे नसतं तर मी किती दिले असते?" आणि प्रत्येक सवलतीपुढे त्याचं प्रामाणिक उत्तर लिहितो. हॉटेलची मेंबरशिप, गोल्फच्या फेऱ्या, मासिकाची वर्गणी, यातल्या निम्म्या गोष्टींपुढे माझं उत्तर शून्य आलंय.

बँकेच्या ट्रॅव्हल पोर्टलचंही तसंच. तिथे बुक केलं की पाचपट पॉइंट, पण तेच तिकीट, तीच खोली कंपनीच्या स्वतःच्या साइटवर काय भावाने आहे ते त्याच मिनिटाला बघा. मला अनेकदा पोर्टलवर जास्त भाव दिसला, कधी कधी इतका की पाचपट पॉइंट त्यातच विरून गेले. शिवाय बुकिंग रद्द करायची वेळ आली की एअरलाइन म्हणते एजंटकडे जा, पोर्टल म्हणतं एअरलाइनने रिफंड सोडला की देतो, आणि वापरलेले पॉइंट परत यायला मला सात आठवडे लागले.

आता पॉइंट आणि कॅशबॅक यातल्या फरकाबद्दल थोडं, कारण आपल्या लेखात दोन्ही एकाच मापाने मोजले होते. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपली माईल्सची योजना काढली, १९८७ मध्ये सिटीबँकेने तिच्याशी जोडलेलं कार्ड आणलं, म्हणजे खर्चावर माईल्स ही कल्पना चाळीस वर्षांच्या घरातली आहे. रोख परत देण्याची कल्पना डिस्कव्हर कार्डाने १९८६ मध्ये अमेरिकाभर नेली. दोन्ही एकाच दशकातल्या, पण स्वभाव पूर्ण वेगळा. रोख तुमच्या खात्यात आली की तिचं मोल बँक ठरवत नाही. पॉइंट म्हणजे कंपनीने छापलेलं तिचं स्वतःचं चलन, भाव ती ठरवते आणि बदलतेही तीच. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा युनायटेड आणि डेल्टा यांनी आपापल्या माईल्स योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलर उभे केले, यावरून कळावं की हा धंदा किती मोठा आहे. माझ्या बँकेने मला एक ईमेल पाठवला, की अमुक तारखेपासून एका पॉइंटला एक माईल नाही, दोन पॉइंटला एक माईल. मी एका प्रवासासाठी दीड वर्ष पॉइंट साठवत होतो आणि एका ईमेलने ते निम्मे झाले. त्यात बेकायदेशीर काही नाही, अटींमध्ये लिहिलेलंच असतं. पण म्हणूनच माझा सल्ला, पॉइंट साठवून ठेवू नका, लागतील तसे खर्च करा, साठवल्यावर त्यावर व्याज मिळत नाही, फक्त धोका वाढतो.

कॅशबॅकमध्येही मेख असते, ती म्हणजे कॅप. एखाद्या प्रकारच्या खर्चावर ५ टक्के असं मोठ्या अक्षरात आणि महिन्याला जास्तीत जास्त १,००० असं बारीक अक्षरात. त्या प्रकारात तुमचा खर्च महिन्याला २०,००० असेल तर ठीक, ४०,००० असेल तर ५ चे अडीच टक्के झाले. आणि दुकान कुठल्या प्रकारात मोडतं हे दुकानाच्या पाटीवरून नाही, तर त्याला दिलेल्या चार आकडी कोडवरून ठरतं, त्यामुळे आपण प्रवास समजून केलेला खर्च स्टेटमेंटमध्ये भलत्याच खात्यात जाऊ शकतो. महिना-दोन महिने स्टेटमेंट नीट बघितलं की कुठे काय बसतं ते कळतं.

परदेशात वापरायचं असेल तर फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार, आधी बघा, कितीतरी कार्डांवर तो ३ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे २ टक्क्यांचे पॉइंट मिळूनही तुम्ही तोट्यात. तो शून्य किंवा कमी असेल तर मात्र फिरणाऱ्या माणसाला फीचा मोठा भाग तिथेच सुटतो, हा एक फायदा मी पूर्ण किमतीने धरतो कारण तो खरोखर खिशात राहतो. आणि मशीनवर "तुमच्या देशाच्या चलनात पैसे देता का" असं विचारलं तर नाही म्हणा, तिथल्या चलनातच द्या, नाहीतर दुकानाकडचा महागडा दर लागतो.

कार्डासोबतच्या प्रवास विम्याबद्दल एकच सांगतो, तिकीट त्याच कार्डाने काढलेलं असलं पाहिजे अशी अट बऱ्याच ठिकाणी असते, ती वाचा.

एक गोष्ट आपल्या लेखात एका ओळीतही नव्हती आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. माझ्या चुलतभावाकडे असंच भारी कार्ड होतं, एक-दोन महिने अडचणीचे आले आणि तो मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरत राहिला. त्याला वाटलं दंड वाचला. पण पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागायला लागतं. महिन्याला ३.५ टक्के व्याज असेल तर चक्रवाढीने वर्षाला ५१ टक्के होतात. दीड-दोन टक्क्यांचे पॉइंट एका महिन्याच्या व्याजालाही पुरत नाहीत. ज्याला दर महिन्याला पूर्ण बिल भरायची खात्री नाही त्याने रिवॉर्डचा विचारच करू नये, कमी व्याजाचं साधं कार्ड घ्यावं किंवा घेऊच नये. हे वाक्य तुलनेच्या तक्त्याच्या डोक्यावर ठळक छापायला हवं होतं.

आणि खर्च वाढतो तो वेगळाच. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोन अभ्यासकांनी २००१ मध्ये दाखवलं होतं की बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे असले तर लोक रोखीच्या मानाने जवळपास दुप्पट बोली लावतात. माझा अनुभव माइलस्टोनचा, म्हणजे ठरावीक खर्च केला की मिळणाऱ्या बोनसचा. ठरावीक रकमेला ४०,००० कमी होते, बोनस मिळणार होता ३,००० चा, आणि मी शेवटच्या आठवड्यात नको असलेल्या वस्तू घेतल्या. त्यातल्या दोन अजून खोक्यातून काढलेल्या नाहीत.

हे सगळे रिवॉर्ड कुठून येतात तर बराचसा भाग दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या फीमधून. युरोपियन युनियनने २०१५ च्या नियमाने ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवर दुकानदाराच्या बँकेकडून कार्डाच्या बँकेला जाणारी फी ०.३ टक्क्यांवर बांधली, आणि तिथल्या अनेक कार्डांचे रिवॉर्ड आटले. तेव्हा आज मिळणारे पॉइंट उद्याही असेच मिळतील असं धरून पाच-पाच वर्षांचे बेत करू नयेत.

माझी आपल्याला विनंती आहे की पुढच्या वेळी तुलना छापाल तेव्हा "एकूण फायदा" हा रकाना काढा आणि त्याजागी "दुसऱ्या वर्षी, बिनफीच्या कॅशबॅक कार्डापेक्षा किती जास्त किंवा कमी" असा रकाना टाका, तोही कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन खर्चांसाठी. पॉइंटचा भाव काय धरला ते खाली लिहा. माहिती कुठल्या तारखेची आहे ते लिहा, कारण अटी महिन्यात बदलतात. आणि लेखासोबतच्या लिंकवरून कुणी अर्ज केला तर आपल्याला कमिशन मिळतं का, हेही वाचकांना सांगा. माझी दोन वर्षांची शीट, खाजगी तपशील काढून, आपल्या प्रतिनिधीला द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक नियमित वाचक