तालेराँचा दाखला देण्याआधी

महोदय,

पंचवटीतल्या आमच्या कट्ट्यावर परवा कुणीतरी फ्रेंच मुत्सद्दी तालेराँचा दाखला देऊन पक्षबदलूंची पाठराखण केली. ३१ वर्षं इतिहास शिकवलेल्या मला ते सहन झालं नाही. तालेराँ लाचखाऊ होता; राज्यक्रांती, नेपोलियन, बुर्बाँ राजे, सगळ्यांची चाकरी त्याने केली, हे खरंच. पण सततच्या युद्धांत फ्रान्स बुडेल हे ओळखून १८०७ मध्ये त्याने परराष्ट्रमंत्रिपद सोडलं. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या एर्फुर्टला रशियाच्या झार अलेक्झांडरला नेपोलियनपुढे न झुकण्याचा सल्ला दिला. १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेत तर पराभूत फ्रान्सला बड्या राष्ट्रांच्या पंक्तीत बसवलं! आमच्या नगरसेवकाने तीनदा पक्ष बदलला, गल्लीतलं गटार मात्र अजून तुंबलेलंच आहे. तिन्ही वेळची कारणं त्याने मतदारांना लेखी द्यावीत.

– एक निवृत्त इतिहास शिक्षिका, पंचवटी, नाशिक