‘कुठून कुठपर्यंत?’ हा प्रश्न शिकवल्याबद्दल

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

थ्री-फेजच्या, म्हणजे तीन चालू तारांनी (फेजनी) येणाऱ्या वीजपुरवठ्याच्या, आकृत्या कुठेही मिळतात. पॅनेलचं झाकण उघडल्यावर मीटरच्या दोन पिना कुठे टेकवायच्या आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे मात्र तुम्ही समजावलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सर्वांसाठी खुलं ठेवतो आहोत, कारण तुमचं सांगणं या कामातल्या प्रत्येकाच्या हाती पडायला हवं.

‘इथे २३० येतंय’ असं कुणी म्हटलं की तुम्ही लगेच विचारायचात, ‘कुठून कुठपर्यंत?’ व्होल्टेज एकट्या तारेत नसतं, ते दोन बिंदूंमधलं असतं. म्हणून प्रत्येक रीडिंगला दोन नावं हवीत. आर, वाय आणि बी ही तीन फेजची नावं, न्यूट्रल ही परतीची तार: आर ते न्यूट्रल २३०, आर ते वाय ४००. दोन फेजमध्ये ४६० का नाही, याचं उत्तरही तुमच्यामुळेच पक्कं झालं. तिन्ही फेज एकमेकांपासून १२० अंशांवर, म्हणजे ५० हर्ट्झला सुमारे ६.७ मिलिसेकंदांच्या अंतराने चालतात. एक शिखरावर असतो तेव्हा बाकीचे दोन शून्याच्या खाली निम्म्यावर असतात. त्यामुळे फरक दुप्पट न होता १.७३२ पट होतो, आणि २३० गुणिले १.७३२ म्हणजे ३९८.

याच हिशेबातून एक फार उपयोगी खूण मिळते. दोन तारा न्यूट्रलशी प्रत्येकी २३० दाखवतात, पण आपसात शून्य, तर त्या एकाच फेजच्या आहेत. तारांचे रंग काहीही सांगोत. टेस्टर दोन्हींवर सारखाच पेटतो, म्हणून टेस्टरवर हा प्रश्न सुटत नाही.

तुम्ही लावून दिलेला क्रम असा: मीटर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या पॉइंटवर तपासायचं, मग दहा रीडिंग घ्यायची. फेज-फेज तीन, फेज-न्यूट्रल तीन, फेज-अर्थ (अर्थिंगची तार) तीन आणि न्यूट्रल-अर्थ एक. सप्लाय बंद आहे हे बघायचं असेल तर शेवटी पुन्हा त्या चालू पॉइंटवर मीटर तपासायचं. मीटरच मेलं असेल तर शून्याला काही अर्थ नाही. न्यूट्रल-अर्थमधलं रीडिंग बहुतेक जण सोडून देतात. ज्या सिस्टिममध्ये न्यूट्रल अर्थ केलेला असतो, तिथे लोड (जोडलेली उपकरणं) चालू असताना ते एक-दोन व्होल्ट असणं चालतं. लोडबरोबर ते चढत जात असेल तर न्यूट्रलचा जोड सैल आहे किंवा तार अपुरी पडते आहे.

तुटलेल्या न्यूट्रलचं गणित तर प्रत्येक वायरमनने एकदा स्वतः मांडावं. आरवर १ किलोवॅटचा हीटर, वायवर १०० वॅटचा दिवा, बीवर काहीच नाही, असं धरा. हीटरचा रेझिस्टन्स सुमारे ५३ ओहम, दिव्याचा ५२९. न्यूट्रल तुटला की दोघं सिरीजमध्ये येऊन ४०० व्होल्टवर बसतात. करंट ०.६९ अँपिअर, हीटरवर फक्त ३६ व्होल्ट आणि दिव्यावर ३६४! (दिव्याचा रेझिस्टन्स तापमानानुसार बदलतो, पण कल जातो इकडेच.) म्हणजे हलका लोड जळतो आणि जड लोड कोमट पडतो. काही दिवे भगभगीत, काही मंद, आणि एखादं उपकरण चालू-बंद केलं की बाकीच्यांचा उजेड बदलतो, असं दिसलं की पहिलं काम मेन स्विच बंद करण्याचं. दोष त्यानंतर शोधायचा. तुटीच्या पलीकडचा न्यूट्रल लोडमधून फेजला जोडलेला राहतो, तो हाताला झटका देतो. म्हणूनच न्यूट्रलमध्ये फ्यूज नको, आणि फेज चालू ठेवून एकटा न्यूट्रल तोडणारा स्विच तर मुळीच नको.

तुटण्याची कारणं साधी असतात. तांब्याची आणि अॅल्युमिनियमची तार थेट एकत्र पिळलेली, लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) नीट क्रिम्प न केलेला, म्हणजे घट्ट न दाबलेला, मल्टिस्ट्रँड तारेचे निम्मेच धागे स्क्रूखाली आलेले. जोड तापतो, ऑक्साइड धरतो, आणखी तापतो.

न्यूट्रल वाटून घेण्याबद्दलचा तुमचा इशाराही नोंदवायलाच हवा. वेगवेगळ्या फेजवरच्या दोन सर्किटांत प्रत्येकी १६ अँपिअर असतील तर सामाईक न्यूट्रलमध्ये १६च येतात. दोन्ही एकाच फेजवर असतील तर ३२. तार २.५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) असेल तर ती शांतपणे भाजत राहते, आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण प्रत्येक एमसीबीतून १६च जात असतात. एलईडी ड्रायव्हर आणि कॉम्प्युटरचे सप्लाय जास्त असतील तिथे तिसरा हार्मोनिक (मूळ ५० हर्ट्झच्या तिप्पट वारंवारतेचा करंट) तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये बेरीज होतो: प्रत्येकी ३ अँपिअर, तर न्यूट्रलमध्ये ९. तिथे न्यूट्रल बारीक टाकून तांबं वाचवणं चुकीचंच.

फसव्या रीडिंगबद्दल विशेष आभार. बंद, मोकळ्या तारेवर डिजिटल मीटर ७०-८० व्होल्ट दाखवतं, कारण शेजारच्या चालू तारेतून कपॅसिटन्सने (थेट जोड नसतानाही) तेवढं चढतं आणि मीटरचा १० मेगाओहमचा इनपुट ते उतरवू शकत नाही. मीटरच्या लो-इम्पिडन्स (कमी रेझिस्टन्सच्या) रेंजवर आकडा कोसळला तर ते भुताटकीचं व्होल्टेज. याच्या उलट फसवणूक मोटर करते. चालत्या मोटरचा बी फ्यूज उडाला तरी मोटर स्वतःच त्या फेजवर जवळपास पूर्ण व्होल्टेज तयार करते आणि व्होल्टमीटरला काहीच कळत नाही. क्लॅम्पमीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा) लावला की कळतं: बीमध्ये शून्य, उरलेल्या दोघांत आधीच्या सुमारे पावणेदोन पट.

मोटरच्या प्लेटवर २३०/४०० असेल तर ४०० व्होल्टच्या सप्लायवर ती स्टारमध्येच (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र) जोडायची. डेल्टात (प्रत्येक वाइंडिंग दोन फेजच्या मधे) प्रत्येक वाइंडिंगवर ४०० येतं आणि ते जळतं. ४००/६९० असेल तर डेल्टात. उलटी फिरली तर कुठल्याही दोन फेजची अदलाबदल पुरते, तिन्ही गोल फिरवून काही बदलत नाही. पंप किंवा कॉम्प्रेसर असेल तर चालवून बघण्याआधी फेज सिक्वेन्स मीटर (फेजचा क्रम दाखवणारा) लावायचा, हेही तुमचंच.

आता आमच्या पॅनेलच्या दाराला आतून दहा रीडिंगचा तक्ता चिकटवलेला असतो, लोड नसताना आणि पूर्ण लोडवर अशा दोन रकान्यांचा. दोन्ही रकाने भरल्याशिवाय काम सुपूर्द करत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपले कृतज्ञ,
मेंटेनन्स विभागातले सहकारी